सत्ताविसावा बाद

श्रोतेहो, नमस्कार.

24 सप्टेंबर 1988. क्लीव्हलँडच्या मैदानावर बेसबॉलच्या सामन्याची नववी इनिंग चालू आहे आणि टोरंटो ब्लू जेज संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डेव्ह स्टीब चेंडू हातात घेऊन उभा आहे. सव्वीस बाद झालेत, एक उरलाय. क्लीव्हलँडला अजून एकही हिट, म्हणजे बॅटरला धावत बेस नावाचं ठाणं गाठू देणारा फटका, मिळालेली नाही. समोर ज्युलिओ फ्रँको, आणि त्याच्यावर दोन स्ट्राइक लागलेले; तिसरा लागला की तो बाद. स्टीब चेंडू टाकतो. फ्रँको तो जमिनीलगत मारतो, थेट दुसऱ्या बेसपाशी उभ्या असलेल्या मॅनी लीच्या रोखाने. रोज सरावात शंभरदा अडवावा असा साधा चेंडू. ली हातमोजा खाली धरून वाकतो, आणि शेवटचा टप्पा पडताच चेंडू अवचित उसळून त्याच्या डोक्यावरून मागे निघून जातो.

सामना स्टीबने 1-0 असा जिंकला. पण त्या दिवशी हुकलं काय, ते कळायला दोन व्याख्या माहीत हव्यात. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाच्या नऊ इनिंग असतात आणि एका इनिंगमध्ये तिघे बाद होतात, म्हणजे एकूण सत्तावीस. एकाच पिचरने हे सत्तावीस बाद घेतले आणि प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही, तर तो नो-हिटर. पिचरचे चार चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या, स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेले की बॅटर न मारताच पहिल्या बेसवर जातो. तशी माणसं गेली तरी नो-हिटर मोडत नाही. पण कुणीच, कुठल्याही वाटेने बेसवर पोचला नाही, सत्तावीस आले आणि सत्तावीस गेले, तर तो परफेक्ट गेम. हा तर फारच दुर्मीळ.

सहा दिवसांनी, 30 सप्टेंबरला, टोरंटोत बाल्टिमोरविरुद्ध स्टीब पुन्हा उभा राहिला. पुन्हा नववी इनिंग, पुन्हा दोन बाद, पुन्हा दोन स्ट्राइक. जिम ट्रेबरच्या बॅटची चेंडूला अर्धवट गाठ पडली, चेंडू हळूच वर उडाला आणि पहिल्या बेसवरच्या फ्रेड मॅकग्रिफला चुकवून त्याच्या पाठीमागे पडला. लागोपाठच्या दोन सामन्यांत, शेवटच्या माणसावर, शेवटच्या स्ट्राइकवर नो-हिटर हातचा गेला.

हा माणूस मुळात पिचर नव्हताच. सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या संघात तो आउटफिल्डर, म्हणजे मैदानात लांबवर उभा राहणारा क्षेत्ररक्षक होता. ब्लू जेजची माणसं त्याला फलंदाज म्हणून पाहायला गेली होती. त्या दिवशी त्याने थोडं पिचिंगही केलं आणि त्यांचं मत फिरलं. 1978 मध्ये संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत त्याला पाचव्या फेरीत घेतलं, आणि 29 जून 1979 रोजी, म्हणजे जेमतेम वर्षभरात, तो अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर पिचर म्हणून उतरला.

त्याचं खरं हत्यार होतं स्लायडर हा वळणारा चेंडू. आपल्या श्रोत्यांना लेगकटर ठाऊक आहे. उजव्या हाताचा पिचर आणि उजव्या हाताचा बॅटर असेल, तर स्लायडर साधारण तसाच बाहेर जातो. फक्त टप्पा न पडता, हवेतच. बेसबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, 142 ते 149 ग्रॅम, आणि त्यावर लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके असतात. तर्जनी आणि मधलं बोट मधोमध न ठेवता चेंडूच्या बाहेरच्या बाजूला सरकवायचं, अंगठा खाली. हात फास्टबॉलच्याच वेगाने आणायचा, मनगट घट्ट ठेवायचं आणि सोडताना बोटांनी चेंडूची कड खाली ओढायची. मग तो गोळीसारखा स्वतःभोवती फिरत जातो आणि बॅटरपाशी पोचता पोचता वळतो. तो बिघडतो तो दोन ठिकाणी. बोटं चेंडूच्या पार बाजूला गेली की वळण मोठं होतं, पण वेग पडतो, आणि बॅटरला ते लांबूनच दिसतं. मनगट सैल पडलं तर चेंडू वळतच नाही, नुसता गरगरत चौकटीच्या मध्यावर येतो, आणि असा चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडतो. स्टीबचा स्लायडर वेगवान होता आणि हातातून सुटताना हुबेहूब फास्टबॉल वाटायचा. पिचरचं मातीच्या उंचवट्यावरचं स्थान होमप्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, साडेअठरा मीटरच्या आत असतं. तेवढ्या अंतरात कुठला चेंडू आहे हे बॅटरला उशिरा कळलं, की त्याची बॅट आधीच फिरलेली असते.

इतकं असून त्याचं नाव मोठ्या यादीत का नाही, याचं कारण त्या काळच्या मोजमापात आहे. तेव्हा पिचरची किंमत ‘विजय’ या आकड्यावर ठरायची. सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच इनिंग टाकल्या, तो बाहेर जाताना संघ पुढे असला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याच्या नावावर. म्हणजे यातला निम्मा भाग आपल्या फलंदाजांच्या हातात. 1982 चा मोसम पाहा. स्टीबने 288 इनिंग टाकल्या, ब्लू जेज ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळतात तिच्यात सर्वाधिक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकलेले सामने 19, तेही सर्वाधिक. नऊ इनिंगमागे सरासरी 3.25 धावा दिल्या. पण ब्लू जेज तळाला होते, म्हणून त्याचे विजय 17 आणि पराभव 14. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला मिलवॉकीच्या पीट व्हुकोविचला. त्याच्या इनिंग 223, सरासरी 3.34, विजय 18 आणि पराभव 6. मिलवॉकीच्या फलंदाजांनी त्या मोसमात 891 धावा काढल्या होत्या, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. पुरस्काराच्या मतदानात स्टीब चौथा आला. 1985 मध्ये 2.48 ही लीगमधली सर्वोत्तम सरासरी त्याची होती, आणि विजय-पराभवाच्या रकान्यात आकडे होते 14 आणि 13.

त्याच मोसमाच्या शेवटी ब्लू जेज लीगच्या अंतिम मालिकेत कॅन्सस सिटीविरुद्ध 3-1 असे पुढे होते. आदल्या वर्षापर्यंत ही मालिका पाच सामन्यांची असायची, तेव्हा 3-1 वर खेळ संपला असता. नेमकी त्याच वर्षी ती सात सामन्यांची झाली. सातव्या सामन्यात स्टीबला तीनच दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा उतरवलं. सहाव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर माणसं असताना जिम संडबर्गचा उंच फटका उजव्या कुंपणाच्या माथ्यावर आदळला, तिघांच्या धावा झाल्या, आणि टोरंटो 6-2 ने हरलं.

ही माहिती रकान्यात मांडली तर कुणाच्या लक्षातही राहणार नाही. खेळाची गोष्ट सांगणं म्हणजे यातलं काय आधी आणि काय मागाहून द्यायचं, हे ठरवणं. रेडिओवाल्यांना हे सर्वांत आधी शिकावं लागलं, कारण त्यांच्याकडे चित्र नव्हतं. रेड बार्बर हे अमेरिकेतले नामवंत समालोचक अंडी उकडताना लावतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवायचे. वाळू खाली आली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटायचं. मधूनच रेडिओ लावणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळलं नाही, तर पुढचं सगळं वर्णन वाया जातं. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचनात हेच काम केलं. ऐकणाऱ्याला मैदान दिसेल असे शब्द त्यांनी क्रिकेटला दिले. ब्लू जेजच्या बाबतीत तो आवाज टॉम चीकचा. 1977 मध्ये संघाच्या पहिल्या सामन्यापासून सलग 4306 सामने त्यांनी रेडिओवर सांगितले. स्टीबची उमेदीची सगळी वर्षं त्यांत आली.

सांगणारा चुकतो तो बहुधा दोन जागी. एक म्हणजे निकाल आधी फोडतो. दुसरी चूक अधिक वाईट. तो सगळं दुर्दैवावर ढकलून देतो आणि माणसाला दयेचा विषय करतो. स्टीब तसा नव्हता. चेंडू आतल्या बाजूला टाकून बॅटरला मागे सारायला तो कधी कचरला नाही. सहकाऱ्याकडून चूक झाली की त्याच्याकडे रोखून पाहायचा, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. हे वगळलं तर उरतो तो नुसता बिचारा खेळाडू, आणि तो खोटा आहे.

ऐंशीच्या दशकात त्याने 140 सामने जिंकले. जॅक मॉरिसने 162, तेवढा एकच पिचर पुढे. नव्या पद्धतीच्या हिशेबात, जिथे पिचरने संघासाठी प्रत्यक्ष काय राखलं ते मोजतात, त्या दशकात स्टीब सगळ्यांच्या पुढे आहे. मॉरिस 2018 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. स्टीबचं नाव 2004 मध्ये मतदानाला आलं, तेव्हा सात मतं पडली. पाच टक्क्यांखाली राहिलेलं नाव यादीतून कायमचं जातं. ते गेलं. माझ्या मते ही उघड चूक आहे.

1989 च्या 4 ऑगस्टला तर न्यूयॉर्क यांकीजचे सव्वीसच्या सव्वीस जण ओळीने बाद झाले होते. टोरंटोचं नवंकोरं स्कायडोम मैदान. परफेक्ट गेमला एक माणूस कमी. रॉबर्टो केलीने डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसवर पोचवणारा फटका मारला, पाठोपाठ स्टीव्ह सॅक्सच्या हिटवर धावही गेली. सामना 2-1 ने जिंकला, हातात तेवढंच आलं.

मग 2 सप्टेंबर 1990. पुन्हा क्लीव्हलँड, 1988 चं तेच मैदान. टोरंटो 3-0 ने पुढे, नववी इनिंग, दोन बाद, हिट एकही नाही. ॲलेक्स कोलला चार चेंडू बाहेर पडले आणि तो पहिल्या बेसवर गेला. पुढे जेरी ब्राऊन. त्याने उजवीकडे सरळ, कडक फटका मारला. या वेळी चेंडू जमिनीला लागलाच नाही. ज्युनिअर फेलिक्सने तो हवेतच हातमोज्यात घेतला, आणि ब्लू जेजच्या इतिहासातला पहिला नो-हिटर डेव्ह स्टीबच्या नावावर लागला.

नमस्कार.