सूर्यफुलाला ब्लाऊज पीस

अध्यक्ष महाराज, बचत गटाच्या ताया, आणि मागे भिंतीला टेकून बसलेले माझे जुने विद्यार्थी. तुम्ही तेव्हाही मागेच बसायचे. विषय फळ्यावर लिहिलेला आहे, ‘घरच्या घरी सूर्यफूल आणि बियांचा उपयोग’. साडेसातला विठ्ठल मंदिरात हरिपाठ आहे, आणि गावात माईक एकच, तो तिकडे जाणार. तेव्हा मुद्द्यालाच हात घालतो.

आधी सांगा, कोणाकोणाच्या वावरात एकेकाळी सूर्यफूल होतं? बघा, हात वर झाले ते सगळे पन्नाशीच्या पुढचे. हे पीक आपल्याकडे काही चक्रधरस्वामींच्या काळापासूनचं नाही. मूळचं उत्तर अमेरिकेचं. तेलाचं पीक म्हणून त्याला रशियात वाढवलं, आणि 1969 च्या सुमारास तिथले वाण भारतात आले. अकोल्याचं कृषी विद्यापीठही 1969 चंच, म्हणजे दोघं एका वयाचे. पुढे सोयाबीन आलं आणि आपल्या वावरातलं हे पिवळं गेलं. आता तेलाची पिशवी युक्रेन-रशियाच्या भरवशावर. 2022 ला तिकडे युद्ध पेटलं आणि इकडे आपल्या भज्यांवर संक्रांत आली. असो, ते पुराण लांबेल.

मी निवृत्त झालो त्या वर्षी घरामागे न्हाणीच्या पाण्यावर अकरा झाडं लावली. झाडं डोक्याएवढी झाली, कळ्या उमलायला लागल्या, आणि जो तो येऊन सांगे, “गुरुजी, राघू एक दाणा ठेवणार नाहीत.” आता रोही, म्हणजे नीलगाय, वावरात शिरला तर माणूस मचाणावर बसेल. राघूसाठी काय करायचं? मला एक युक्ती सुचली. आमच्या ट्रंकेत ओटीत आलेले ब्लाऊज पीस होते, चाळीसेक असतील. ताया हसल्या, म्हणजे तुमच्याही घरी आहेत. ते ब्लाऊज पीस कोणी शिवत नाही, ते फक्त प्रवास करतात. मी एकदा एका पीसच्या कोपऱ्यावर पेनानं बारीक खूण केली होती. अडीच वर्षांनी तो परत आमच्याच घरी आला, घडीसुद्धा तीच!

तर अकराही फुलांना, नुकत्या पाकळ्या उघडल्या होत्या तेव्हाच, एकेक पीस गुंडाळून सुतळीनं बांधला. लाल, मोरपंखी, पोपटी. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून म्हणाला, “काय गुरुजी, हळदीकुंकू हाये काय घरामागं?” घरातून आवाज आला, “अजी, माह्या ओटीचे पीस तुम्ही झाडाले नेसवले?” पंधरा दिवस आमच्याकडे वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं.

पण राघू आले नाहीत! मी खूश. यथावकाश फुलं कापली, वाळवली, काठीनं झोडपली. सूपभर काळे कुळकुळीत दाणे. हिनं सूप हाती घेतलं, दोनदा पाखडलं, आणि सगळं उडून अंगणात गेलं. सुपात चार दाणे उरले. बाकीचे पोचट, नुसती टरफलं.

आपली रीत तुम्हाला माहीत आहे. उगवलं नाही, बी खोटं. भरलं नाही, बी खोटं. सोयाबीनच्या पेरणीपासून आपण हेच म्हणत आलो, कधीकधी ते खरंही असतं. मी रिकामी पिशवी घेऊन बियाण्याच्या दुकानात गेलो आणि चार माणसांदेखत दुकानदाराला झाडलं. दुकानदारानं शांतपणे विचारलं, “गुरुजी, फुलावर मधमाश्या होत्या काय?” मी तावातावानं म्हणालो, “माशी कशी बसंल? मी ब्लाऊज पीस बांधले होते!” तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं. दुकानदारानं मला चहा पाजला. अपमान इतका गोड मी आयुष्यात प्यालो नाही.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच. सूर्यफूल हे एक फूल नाही, ती भरलेली यात्रा आहे. कडेच्या पाकळ्या नुसत्या बोलावण्यासाठी. मधल्या तबकात हजार-दोन हजार इवली फुलं असतात, आणि एकेका फुलाचा एकेक दाणा. ती कडेकडून आत उमलत जातात, आठवडाभर तरी. प्रत्येक इवल्या फुलाचा पराग आधी बाहेर पडतो, परागकण झेलणारा भाग नंतर उघडतो, आणि स्वतःच्या परागावर दाणा नीट भरत नाही. मधमाशी हवीच.

एक दुरुस्ती करून घ्या. तीस वर्षं मी शिकवलं की सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवतं. ते कोवळ्या झाडापुरतं खरं. फूल उमललं की ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं. 2016 मध्ये संशोधकांनी दाखवलं की पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं आणि त्यावर माश्या जास्त येतात. मागच्या बाकावरच्यांचं जे उत्तर मी तेव्हा चूक धरलं, त्याचे मार्क मी आता वाढवू शकत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! मग ऐका भराभर.

ऑक्टोबर आहे, आता लावा, जानेवारीत घरात येईल. दोन बोटं खोल, दोन झाडांत फूटभर. कळी, फूल आणि दाणा भरताना पाणी तोडू नका. फुलोऱ्यात फवारणी नको. माश्या कमी दिसल्या तर सकाळी आठ ते अकरात मऊ फडकं एका फुलावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवा, एक दिवसाआड. पाकळ्या सुकून गळू लागल्या की मग ब्लाऊज पीस. मग! फुलाची पाठ हिरव्याची पिवळी झाली की कापा. हायब्रीडचं बी पुढच्या सालासाठी धरू नका, मूळ गुण येत नाहीत. रंग लावलेलं बी विषारी औषधाचं असतं, लेकरांच्या हाती देऊ नका.

तेलाचं डोक्यातून काढा. लीटरभराला तीनेक किलो बी लागतं, म्हणजे शंभरावर झाडं. आपण चटणी करू. दाणे वरून लाटण्यानं हलके फोडा, पाण्यात टाका, टरफल तरंगतं, गर खाली बसतो. गर वाळवून मंद आचेवर भाजा, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ, आणि जवसाच्या चटणीसारखं जाडसर कुटा. गर काढून ठेवला की लवकर खवट होतो, म्हणून लागेल तेवढाच फोडा.

दारात पुड्या आहेत, पाच-पाच दाण्यांच्या. आणि ब्लाऊज पीस मागायला आमच्याकडे येऊ नका, हिनं ट्रंकेला कुलूप लावलं आहे. घे रे बाबा माईक.