लिंकनचं जास्तीचं बोट

मंडळी, नाण्यांच्या बैठकीत शिवराई आणि होन ऐकायची तुम्हाला सवय, आणि मी घेऊन आलोय जस्ताची चकती, वर तांब्याचा पातळ मुलामा. अमेरिकेचं एक सेंट. तिकडे रस्त्यात पडलेलं दिसलं तरी कोणी वाकत नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंट पाडायला जवळजवळ ३.७ सेंट खर्च येत होता. अखेर १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचं शेवटचं सेंट पडलं आणि १७९३ साली सुरू झालेलं काम थांबलं.

माझा यातला रस टूलरूमचा. उभी हयात पिंपरी-चिंचवडला डाय बनवण्यात गेली. मुलगी अमेरिकेत असते, त्यामुळे जाणं होतं. आणि तिकडे गेल्यावर दिवस किती मोठा होतो, हे ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना मी सांगायला नको. नाणं हातात आलं की त्याला किती मिळतील हे मला सुचतच नाही. डाय बनवताना काय हललं असेल, ते आधी डोळ्यांपुढे येतं.

म्हणून आधी डायविषयी. हब म्हणजे डाय घडवायचा कडक पोलादी ठसा. त्यावर सेंटवरचा अब्राहम लिंकन नाण्यावर दिसतो तसा, उठावात असतो. तो हब मऊ पोलादाच्या ठोकळ्यात प्रचंड दाबाने दाबतात. ठोकळ्यात खोलगट, उलटा लिंकन उमटतो. ही डाय. मग तिला पाणी द्यायचं, कडक करायची आणि प्रेसवर चढवायची. एकेक डाय लाखो नाणी पाडते. तेव्हा दोष डायमध्येच असेल, तर तिच्यातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो जसाच्या तसा येणार. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुन्या पद्धतीत एका दाबात पुरी खोली मिळायची नाही. पोलाद दाबाखाली कडक होतं. म्हणून ॲनीलिंग करून ते मऊ करायचं, पुन्हा हबखाली ठेवायचं, पुन्हा दाबायचं. दुसऱ्या खेपेला सेटिंग केसभर चुकलं की पहिल्या छापाशेजारी दुसरा छाप. १९५५ चं प्रसिद्ध सेंट असंच जन्मलं. त्याच्यावरचं साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांना दोन-दोन दिसतात. टाकसाळीच्या ध्यानात येईपर्यंत अशी वीस हजारांहून जास्त नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. ढीग वितळवण्यापेक्षा त्यांनी तो तसाच बाहेर सोडला. त्यातली बरीच नाणी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती गेली: यंत्रात २५ सेंट टाकायचे, पाकीट २३ चं, उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणात आधीच खोचलेले. पुढे १९७२ आणि १९९५ मध्येही ठसठशीत दुहेरी छापाची सेंट निघाली. पण या सगळ्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी थांबत नाही.

मला गंमत वाटते ती त्यानंतरची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेंटच्या डाय एकाच दाबात पुऱ्या करायची पद्धत आली. दोन दाबच नाहीत, तर दुहेरी छाप येणार कुठून? कागदावर हा हिशेब बिनतोड आहे. पण ज्याने प्रेसवर काम केलंय तो विचारेल, ठोकळा बसवतात कसा?

ठोकळ्याचा माथा सपाट नसतो. त्याला शंकूसारखा किंचित उभार दिलेला असतो, म्हणजे धातू मधून कडेकडे नीट सरकतो. त्यामुळे हब पहिल्यांदा टेकतो तो बरोबर मध्यावर. त्या क्षणी ठोकळा जरासा तिरका असला, तर मध्यावर एक हलका छाप पडतो. दाब वाढला की ठोकळा सरकून सरळ बसतो आणि उरलेलं काम नव्या जागी होतं. कडेच्या अक्षरांपर्यंत हब तोवर पोचलेलाच नसतो, म्हणून तिथे बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. संग्राहकांच्या वर्गवारीत हा आठवा वर्ग, टिल्टेड हब. माझ्या मते नाण्यांमधला हा सगळ्यात देखणा दोष आहे, कारण पोलाद कसं वागलं ते त्यात सरळ वाचता येतं.

तेव्हा १९५५ च्या सवयीने साल आणि कडेची अक्षरं तपासत बसलात तर हाती काही लागायचं नाही. नव्या नाण्यात नजर मध्यावर हवी. दर्शनी बाजूला लिंकनची पापणी, कानाची पाळी, गळ्याचा बो. १९९७ चं एक सेंट तर दुहेरी कानाचं म्हणूनच ओळखतात. मागच्या बाजूला २००८ पर्यंत लिंकन स्मारक होतं, तिथे मधले खांब आणि त्यांच्यामधला बसलेला पुतळा बघायचा. २०१० पासून ढाल आली. तिथे ढालीवरचे उभे पट्टे आणि आडव्या फितीवरची वन सेंट ही अक्षरं.

आणि मध्ये २००९. लिंकनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी मागच्या बाजूची चार चित्रं निघाली. दुसऱ्या चित्रात इंडियानातला तरुण लिंकन ओंडक्यावर बसून पुस्तक वाचतोय, लाकडं फोडण्याच्या कामातून सवड काढून. नाण्याच्या ऐन मध्यावर काय आलं? त्याचा पुस्तक धरलेला हात. या चित्राच्या डायमध्ये टिल्टेड हबचे नमुने डझनांनी नोंदले गेले आहेत. भिंगाखाली बघाल तर पुस्तकाच्या पानावर, खऱ्या बोटाजवळ, एक जास्तीचं बोट आडवं आलेलं दिसतं. एखाद्या डायमध्ये ते चांगलं भरीव, दुसरीत निव्वळ हाडकुळी रेघ, तिसरीत अंगठ्याशेजारी चोचीसारखं टोक. डाय बदलली की बोटाची जागा बदलते, आणि संग्राहक या जागांवरून डाय ओळखतात. जोडीला त्या डायवरचा एखादा ओरखडा किंवा टवका जुळला की ओळख पक्की.

आता खोट्या दुहेरीपणाकडे येतो, कारण पैसे जातात ते इथे. इंटरनेटवर डबल डाय, म्हणजे दुहेरी छापाच्या डायचं नाणं, म्हणून जे विकायला असतं, त्यातलं बरंचसं या जातीचं. पहिला प्रकार, मशिन डबलिंग. ठोका पडल्यावर डायला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर उठताना ती नाण्यावर घसटते. अक्षराच्या बगलेला एक सपाट, चकचकीत पायरी तयार होते. भिंगाखाली अक्षराची जाडी बघा. घसटीने मूळ अक्षर बारीक होतं, खऱ्या दुहेरी छापाने ते जाड होतं, आणि अक्षराच्या टोकाला बऱ्याचदा खाच दिसते. शिवाय घसट दर नाण्यावर वेगळी. एकसारखं दुसरं नाणं मिळत नसेल तर शंका घ्या.

दुसरा प्रकार थकलेल्या डायचा. डाय झिजली की अक्षरांभोवती भुताटकीसारखी अंधूक सावली दिसू लागते. १९५५ च्याच काही सेंटांवर शेवटचा ५ असा फाकलेला आहे. गरिबाचं डबल डाय म्हणून लोक तेही गोळा करतात. करू देत. तिसरा प्रकार १९८२ नंतरचा. त्या वर्षी वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आणलं, नाण्यात एकूण ९७.५ टक्के जस्त आलं. ठोक्यात तांब्याचा मुलामा ताणून फाटतो आणि अक्षराच्या कडेला करड्या जस्ताची रेघ उघडी पडते. घाईत ती हुबेहूब दुसरं अक्षर वाटते. नाणं दिव्याखाली फिरवून बघितलं की रंगावरून कळतं.

किमतीविषयी कोणीतरी विचारणारच. १९५५ चं अस्सल नाणं हजार डॉलरच्या पुढे जातं. माझ्या या बारीक दोषांच्या बहुतेक नाण्यांना थोडेसे डॉलर येतात, तेही ओळखणारा भेटला तर. मात्र या छंदात भांडवल बुडत नाही. बँकेतून सेंटची पेटी घ्यायची, २५ डॉलर, आत २५०० नाणी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा ओढायचा, दहापटीचं भिंग घ्यायचं, बघून झालं की उरलेली नाणी बँकेत. जावई पहिल्यांदा हसला. हल्ली ढालीचे पट्टे तोच मोजतो. नवी सेंट पडायची थांबल्यामुळे करकरीत पेट्या मिळणं दिवसेंदिवस दुरापास्त होणार. जुनी सेंट मात्र कायदेशीर चलन आहेत, आणि सुमारे ३०० अब्ज सेंट अजून बाहेर आहेत असा त्यांच्या अर्थखात्याचा अंदाज आहे. त्यात २००९ ची किती डाय अजून कोणी नोंदलेली नाहीत, याचा विचार मला रात्री झोपताना बरा वाटतो.

एक सूचना. कोणाच्या घरी अशी सेंट असतील तर चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. मुलाम्याला भोक पडलं की आतलं जस्त फुगतं आणि वर फोड येतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर कोरड्या डबीतच ठेवा.

आता डबी पुढच्या रांगेपासून फिरवतो. आत तीन नाणी आहेत. एक खरं, एक मशिन डबलिंगचं, एक फाटक्या मुलाम्याचं. कोणतं कुठलं ते सांगत नाही. कडेने धरा, भिंग डोळ्याला लावून नाणं जवळ आणा. आणि मागच्या रांगेतले काका, खिडकीचा पडदा जरा सरकवता का?