आधी उंदीर, मग माणूस

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, माणसे दगावू लागली आणि काही महिन्यांतच ही साथ पुण्यात येऊन पोहोचली. पेठांमधल्या वाड्यांत कोठीघरात उंदीर मरून पडू लागले, की जाणती माणसे घर सोडून गावाबाहेरच्या माळावर झोपड्या बांधून राहायला जात. प्लेगचा जंतू शास्त्रज्ञ येर्सिनने १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. मात्र तो उंदराकडून माणसाकडे कोणत्या वाटेने येतो, हे डॉक्टरांनाही उमगले नव्हते.

ती वाट पिसवेची होती. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो, शोषलेले रक्त पोटात उतरत नाही, आणि भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावत जंतूमिश्रित रक्त त्याच जखमेत ओकते. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले, की तिला दुसरे ऊबदार अंग हवे असते. ती बहुधा पायाला चावते, म्हणून गाठही बहुधा जांघेत उठते. कधी काखेत, कधी मानेला. साधारण आठवड्याच्या आत हुडहुडी भरून ताप चढतो, डोके ठणकते आणि गाठ इतकी दुखते की रुग्णाला पाय सरळ करवत नाही. जंतू फुप्फुसात पोहोचले तर मात्र पिसवेची गरज उरत नाही. खोकल्याच्या तुषारांतूनच रोग पसरतो आणि उपचारांवाचून असा रुग्ण सहसा वाचत नाही.

मार्च १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घरोघरी झडत्या घेतल्या. त्यांनी देवघरे आणि माजघरे तुडवली, बायकामाणसांचा मान राखला नाही आणि आजाऱ्यांना ओढून नेले. शोध माणसांचा चालला होता. त्या जुलमाची चीड पुणेकरांच्या मनात पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि ती रास्तच होती.

त्याच महिन्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्या शुश्रूषेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाजवळ गेल्याने जीव जाऊ शकतो, हे साथीच्या त्या दिवसांत कोणापासून लपलेले नव्हते. तरीही त्या रुग्णाजवळ गेल्या.

पिसवेचा दुवा फ्रेंच डॉक्टर पॉल लुई सिमाँ यांनी कराचीतल्या प्रयोगांतून दाखवला तो १८९८ साली, म्हणजे पुण्यातल्या झडत्यांनंतर वर्षभराने.

आज स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या औषधांनी प्लेग बरा होतो; पण ती लवकर मिळावी लागतात, आणि फुप्फुसाच्या प्लेगमध्ये तर लक्षणे दिसल्यापासून दिवसभरातच. म्हणूनच मेलेल्या उंदरांची वार्ता वेळेवर पोहोचणे आजही मोलाचे आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही उंदीर मरून पडल्याची खबर आधी आली होती आणि गाठीचे रुग्ण नंतर आढळले होते.