जंतू एकच, पण पेशंट पेशंटमध्ये फरक

स्क्रीनवर या लाल काड्यांच्या जुड्या दिसतायत ना, ते कुष्ठरोगाचे जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्री. कातडीला बारीक चीर देऊन घेतलेला नमुना आहे हा, आणि नीट बघितलं तर कळेल की बहुतेक जंतू मॅक्रोफेजच्या आत आहेत, म्हणजे ज्या पेशीचं कामच जंतू गिळून मारायचं तिच्याच पोटात यांनी बिऱ्हाड थाटलंय. पेशी चरबीने फुगून फेसाळ झालीय.

आता ही दुसऱ्या पेशंटची स्लाईड. आजार तोच, पण जंतू शोधून सापडत नाहीत. इथे टी पेशींनी, म्हणजे शरीराच्या संरक्षणातल्या पांढऱ्या पेशींनी, गॅमा इंटरफेरॉन नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडून मॅक्रोफेजना चेतवलंय आणि त्यांनी जंतूंना घेरून घट्ट पुंजका केलाय, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा, बास.

जंतूंमध्ये तसा फारसा फरक नसतो, खरा फरक पेशंटच्या पेशींमध्ये. पहिल्याच्या अंगात अँटीबॉडी ढीगभर असतात, पण जंतू पेशीच्या आत आणि अँटीबॉडी बाहेर, काय उपयोग! त्यात इंटरल्यूकिन 10 सारखे सिग्नल पेशींना अजून थंड करतात. बरेच पेशंट या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, 1966 मध्ये रिडली आणि जॉपलिंग या डॉक्टरांनी त्याचे पाच गट पाडले.

मग दुसरा पेशंट नशीबवान का? तसंही नाही. हा जंतू नसांना गुंडाळून असलेल्या श्वान (Schwann) पेशींमध्ये लपतो, आणि चेतवलेल्या पेशी तिथे घुसल्या की नस सुजते, आवरणाच्या आत दाबली जाते, मग बोटं वाकडी होतात, पाऊल लुळं पडतं. म्हणजे बरंचसं नुकसान आपलीच फौज करते! नस सुजण्याच्या या प्रकाराला रिअॅक्शन म्हणतात, ती उपचार चालू असतानाही येते, कारण मेलेल्या जंतूंचे तुकडेसुद्धा पेशींना चिथावतात, आणि लोकांना वाटतं औषधच बाधलं म्हणून गोळ्या सोडून देतात, सगळा घोळ इथेच होतो. खरं तर गोळ्या चालूच ठेवायच्या असतात, जोडीला प्रेडनिसोलोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड देतात.

भरपूर जंतू असलेल्यांना वेगळीच रिअॅक्शन येते, ताप, लाल दुखऱ्या गाठी, आणि गाठीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी. 1964 मध्ये जेरुसलेमला डॉक्टर शेस्किननी अशा पेशंटला नुसती झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं, जन्मजात व्यंगांमुळे बाजारातून काढलेलं तेच औषध, आणि गाठी चक्क बसायला लागल्या. टीएनएफ नावाचं दाह वाढवणारं प्रथिन त्याने कमी होतं हे बऱ्याच वर्षांनी समजलं. अजूनही ते वापरतात, पण गरोदर बाईला अजिबात देत नाहीत.