बेल टू: मिलीमीटरचा आठवा भाग मोजणारं १४०० टनांचं मशीन

जपानमध्ये टोकियोच्या ईशान्येला त्सुकुबा शहर आहे, तिथल्या के.ई.के. या कणभौतिकीच्या संशोधन संस्थेच्या आवाराखाली तीन किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात एकीकडून इलेक्ट्रॉन येतात आणि समोरून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचेच धन भाराचे जोडीदार), आणि जिथे टक्कर होते तिथे बसवलाय बेल टू डिटेक्टर, म्हणजे टकरीतून निघालेले कण टिपणारं मशीन. वजन सुमारे १४०० टन!

इलेक्ट्रॉनची एनर्जी ७ जीईव्ही (कणांची एनर्जी मोजायचं एकक), पॉझिट्रॉनची ४. ही मुद्दाम कमीजास्त ठेवलीय, आणि मला तर यातली सगळ्यात भारी आयडिया हीच वाटते. टकरीतून बी मेसॉन नावाच्या जड, अल्पायुषी कणांची जोडी तयार होते, पण ते जगतात किती, तर सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या दीडपट, एवढा वेळ थेट मोजणार कसा? एनर्जी सारखी असती तर दोघं जवळपास जागच्या जागीच फुटले असते. आता ते एका दिशेने ढकलले जातात, त्यामुळे दोघांच्या फुटण्याच्या जागांमध्ये साधारण ०.१३ मिलीमीटरचा फरक पडतो, आणि तो मोजला की आधी कोण फुटला, किती आधी फुटला, ते कळतं.

हे अंतर पकडायला अगदी मधोमध पिक्सेलचे, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या सेन्सरचे, दोन थर आणि त्याबाहेर सिलिकॉन स्ट्रिपचे, म्हणजे बारीक पट्ट्यांच्या सेन्सरचे, चार. आतून मोजलं तर चौथा थर आपल्या मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) टीमने जोडलाय, तोही जपानमधल्या काशिवा शहरात राहून. सेन्सरची जाडी जेमतेम ०.३ मिलीमीटर. स्ट्रिप दोन्ही बाजूंना, पण मागच्या बाजूचं सर्किट कडेवरून दुमडून पुढे आणलंय, म्हणजे सगळ्या चिप एकाच बाजूला येतात आणि एका बारीक पाईपने थंड ठेवता येतात. मध्ये सामान जास्त झालं की कणांची वाट वाकडी होते ना, म्हणून ही सगळी काटकसर.

असंच मोजून, बी मेसॉन आणि त्याचा प्रतिकण (उलट भाराचा जुळा कण) वेगळे वागतात हे २००१ मध्ये बेल टूच्या आधीच्या बेल डिटेक्टरने आणि कॅलिफोर्नियातल्या बाबार डिटेक्टरने दाखवलं, आणि असा फरक का पडतो याची थिअरी मांडणाऱ्या कोबायाशी-मास्कावा या शास्त्रज्ञांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. बेल टूमधली पहिली टक्कर २६ एप्रिल २०१८ ची.

२०२३ मध्ये त्यांनी एक फारच दुर्मिळ घटना दाखवली, बी मेसॉन फुटून एक केऑन (हलका मेसॉन) आणि दोन न्यूट्रिनो (कशालाही जवळपास न अडणारे कण). न्यूट्रिनो तर डिटेक्टरला दिसतच नाहीत! पण टकरीआधीची एनर्जी पक्की माहीत असते, मग जे दिसलं ते वजा करून जे गायब झालं ते शोधायचं. या घटना थिअरीपेक्षा जास्त निघाल्या. अशी घटना घडते याचा पुरावा ३.५ सिग्माचा आहे (सिग्मा जितके जास्त तितकी योगायोगाची शक्यता कमी), शोध म्हणायला ५ लागतात, म्हणून टकरी अजून चालूच आहेत.