जवारी काढणारे कान

मिरज. सतारमेकर गल्ली. चाचांच्या मांडीवर तंबोरा आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस दोनदा फिरली. तार छेडली, ऐकली. पुन्हा कानस, या वेळी अगदी निसटती. मग तार आणि घोडीच्या मधे सुती दोरा सरकवला. केसभर पुढं, केसभर मागं. आणि एका जागी आवाज खुलला.

ही जवारी. घोडीला बारीक उतार देऊन तारेचा आवाज खुलवायचा. घोडीचा तो उतार डोळ्याला जवळजवळ सपाटच दिसतो. जमला की नाही, हे फक्त कान सांगतो.

शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथं वाद्यं घडवायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं येतं. पुढं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. गाणारे आणि घडवणारे एकाच गावात नांदू लागले. वाद्यांसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आजही याच गल्लीत येतात.

पण जाणते कारागीर आता थकलेत. नजर मंदावली तर चष्मा लावता येतो. कानाचं तसं नाही. वयाबरोबर आधी उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि जवारीची सगळी झळाळी त्या वरच्या स्वरांतच असते. म्हणून चाचांना घाई आहे.

"दोरा थोडा मागं घे. आता ऐक."
"चाचा, मला दोन्ही सारखंच वाटतंय."
"वाटू दे. परत छेड."

पुतण्या दिवसा कारखान्यात नोकरी करतो, संध्याकाळी इथं बसतो. गल्लीतली बरीच पोरं तर शिकून पुण्या-मुंबईलाच गेली. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. कानस हातात बसायला वर्षं जातात. तेवढ्या वर्षांत घर कशावर चालवायचं? त्यात आता रियाजाला मोबाइलमधला तंबोराही चालतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकन नावाला मिळतं, शिकणाऱ्या पोराला पगार मिळत नाही. तो मिळायला हवा. शासनानं द्यावा, संगीत संस्थांनी द्यावा, मैफिली भरवणाऱ्यांनी द्यावा. चाचांना फरक ऐकू येतोय, तोवरच ही शिकवणी चालणार आहे. नोकरीवरून आल्यावरचे दोन तास तिला पुरणारे नाहीत.