मस्टँगचा मागचा एक्सल ‘बैलगाडीचा’ आहे का? रेट्रो मसल कार्सबद्दल माझं स्पष्ट मत

नमस्कार मंडळी. माझ्या मागं दिसतेय ती माझी 2006 ची मस्टँग जीटी, आणि आज ती जॅकस्टँडवर मुद्दाम चढवलीय. गेल्या दोन व्हिडिओंखाली तुमचा एकच प्रश्न आहे: फोर्डची मस्टँग, डॉजची चॅलेंजर की शेवरलेची कॅमॅरो, या जुन्या चेहऱ्याच्या नव्या मसल कार्सपैकी (मोठ्या इंजिनाच्या, दोन दारांच्या गाड्या) कुठली? आणि त्याच्याच खाली आणखी एक वाक्य कितीतरी जणांनी लिहिलंय, “मस्टँगचं काय सांगता, तिला मागं बैलगाडीचा आस आहे.” या वाक्यापायी गाडी वर गेली आहे. पण आधी बाकीचं उरकतो.

इतिहास तुम्हाला माहीतच आहे. 2003 च्या जानेवारीत डेट्रॉईट ऑटो शोमध्ये मस्टँगची कॉन्सेप्ट, म्हणजे नमुना गाडी आली, 2005 मॉडेल म्हणून गाडी रस्त्यावर. 2006 च्या शोमध्ये चॅलेंजर आणि कॅमॅरो, दोन्हींच्या कॉन्सेप्ट. चॅलेंजर 2008 ला विकायला आली, कॅमॅरो 2009 मध्ये, 2010 चं मॉडेल म्हणून. मस्टँगनं चेहरा घेतला 1967-68 च्या फास्टबॅकचा (छत मागं उतरत जाणारी मस्टँग), कॅमॅरोनं 1969 चा, चॅलेंजरनं 1970 चा. झालं.

आता माझं मत. जुन्या गाडीच्या सगळ्यात जवळ गेली ती चॅलेंजर. लांबून बघितली तर क्षणभर फसायला होतं. पण ती चार्जर सेडानच्या प्लॅटफॉर्मवर बांधलेली, म्हणून आकारानं वाढली. 1970 च्या चॅलेंजरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 110 इंच होता, हिचा 116. हायवेवर दिवसभर चालवायला तिच्याइतकी आरामशीर दुसरी नाही. वळणावर मात्र तिचं वजन जाणवतं.

कॅमॅरो चालवायला फार गुणी. प्लॅटफॉर्म ऑस्ट्रेलियात होल्डननं तयार केलेला, मागं स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात, मॅन्युअल गिअरच्या एसएस मॉडेलला 426 हॉर्सपॉवर. पण तिच्या काचा! दरवाजाची कड इतकी वर आणि छत इतकं खाली, की खिडकी म्हणजे नुसती फट उरते. कोपर टेकवायला खांदा उचलावा लागतो. रिव्हर्स घेताना मागची काच असून नसल्यासारखी. ज्या गाडीतून बाहेरचं दिसत नाही, ती रोज चालवायची कशी?

एका ताईंनी विचारलंय, “जुन्याची नक्कल म्हणजे कल्पनाशक्ती संपली असं नाही का?” ताई, प्रश्न चांगला आहे, पण मला तसं वाटत नाही. तेव्हा फोर्डच्या डिझाईनचे प्रमुख होते जे मेज. फोक्सवॅगनची 1998 ची न्यू बीटल ज्या कॉन्सेप्टवरून आली, तिच्यावरही त्यांनी काम केलं होतं. ते या शैलीला ‘रेट्रोफ्युचरिझम’ म्हणायचे. 2005 च्या मस्टँगचं नाक बघा, पुढं झुकलेलं, धावायला निघाल्यासारखं. दाराच्या मागं तो ‘सी’ आकाराचा खोलगट भाग, मागं तीन-तीन उभ्या पट्ट्यांचे दिवे, मागच्या बाजूची ती छोटी तिकोनी काच. सगळं जुन्या गाडीतलं, पण एकही पत्रा जुन्या गाडीला बसणार नाही. प्रमाणं नव्यानं काढली आहेत. 2010 च्या फेसलिफ्टमध्ये इंडिकेटर एकामागून एक पेटायला लागले, ते बऱ्याच जणांना आवडतात. मला 2005 ते 2009 चाच साधा चेहरा जास्त आवडतो.

आता या गाडीखाली.

(कॅमेरा गाडीखाली)

दोन वर्षांपूर्वी अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीहून इकडं मिशिगनला आले होते. अप्पांनी बारा वर्षं वडापची जीप चालवली, तिचं सगळं काम स्वतः केलं. मी ऑईल बदलत होतो, तर तेही पुठ्ठा टाकून गाडीखाली आडवे झाले. बघितलं आणि म्हणाले, “अरे, हे तर आपल्या जीपसारखंच हाऊसिंग. मग पाटे कुठं गेले?”

मंडळी, या गाडीबद्दलचा सगळ्यात अचूक प्रश्न तोच आहे. हाऊसिंग म्हणजे एक्सलचं बाहेरचं आवरण, पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग. हाऊसिंग जीपसारखं अखंड आहे, एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत, हे खरं. 1964 च्या पहिल्या मस्टँगलाही मागं अखंड एक्सल होता, आणि त्याच्याखाली पाटे होते. 2005 मध्ये पाटे नाहीत. हे बघा, कॉईल स्प्रिंग. हे खालचे दोन हात, एक्सलला पुढं-मागं धरणारे. हा वरचा एकच हात, डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या गोळ्याच्या डोक्यावर. तीन झाले. आणि हा आडवा लांब गज बघा, पॅनहार्ड रॉड. एक टोक हाऊसिंगला, दुसरं बॉडीला. एक्सल डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून. याच्या लगेच आधीच्या पिढीच्या मस्टँगला हा गज नव्हता, वरचे दोन हात तिरके लावून त्यांच्याकडूनच ते काम करून घेतलं होतं. वळणावर ते एकमेकांशी भांडायचे. इथं प्रत्येकाला एकच काम आहे.

बैलगाडीचा आस म्हणजे काय? आस जागेवर, चाक त्याच्याभोवती फिरतं, आणि वरचा सगळा भार थेट त्याच्यावर. स्प्रिंग नाही. या नळीच्या आत दोन शाफ्ट फिरतायत, इंजिनाची ताकद चाकांना देतायत. दोन्हींना एकच नाव देणं चूक आहे.

तरी पटत नसेल तर हे बघा. हे लाटणं. दोन टोकांना दोन चाकं आहेत असं समजा. एका टोकाखाली वही सरकवली की दुसरं टोकही कलतं. हा अखंड एक्सलचा दोष, आणि तो मी लपवणार नाही. वळणाच्या मधोमध एका चाकाला खड्डा लागला तर मागची बाजू जराशी उडी घेते. आता वही काढतो आणि लाटणं सरळ खाली दाबतो. दोन्ही टोकं ओट्यावर तशीच उभी. गाडीनं जोरात सुटताना मागं बसकण मारली तरी टायर रस्त्यावर पूर्ण टेकून राहतो. म्हणून तर ड्रॅग रेसिंगवाले, म्हणजे सरळ रेषेत शर्यत लावणारे, हा एक्सल सोडत नाहीत. 2003-04 च्या कोब्रा मस्टँगला स्वतंत्र सस्पेन्शन होतं, आणि ड्रॅग स्ट्रिपवर जाणाऱ्या कितीतरी मालकांनी ते काढून अखंड एक्सल बसवला. पैसे खर्च करून!

अजून एक. 2005 ची जीटी 300 हॉर्सपॉवरची, आणि किंमत साधारण 25 हजार डॉलर. वी-6 तर 20 हजारांच्या आत. मस्टँग पहिल्या दिवसापासून सामान्य पगारदाराची गाडी आहे. महागडं सस्पेन्शन घातलं असतं तर ती किंमत राहिली नसती. आणि याच रचनेवर 2012 ची बॉस 302 बनली, 444 हॉर्सपॉवरची, बीएमडब्ल्यूची एम3 डोळ्यांसमोर ठेवून. 2013 ची जीटी500 तर 662 हॉर्सपॉवरची, तीही अखंड एक्सलवर. इतकी ताकद झेलणाऱ्या वस्तूला मागास कसं म्हणायचं?

आपल्याकडचंच घ्या. चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन, तिला मागं अखंडच एक्सल आहे. आडव्या गजाऐवजी वॉट्स लिंकेज, म्हणजे मधल्या फिरत्या तुकड्याला जोडलेले दोन गज. का, तर गज एका टोकाभोवती फिरतो, म्हणून चाकं खालीवर होताना अख्खा एक्सल किंचित बाजूला सरकतो. वॉट्स लिंकेजमध्ये तो सरळ वर-खाली जातो. मस्टँगला अशी किट बाहेरून मिळतात, लोक आवडीनं बसवतात. म्हणजे एक्सल अखंड असणं ही अडचण नव्हेच, तो धरलाय कसा ते बघायचं. अप्पांनी पाटे कुठं गेले विचारलं ते याचसाठी.

2015 च्या मस्टँगला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, कारण ती जगभर विकायची होती, उजव्या स्टिअरिंगसह. हीच पिढी 2016 ला भारतात आली, 65 लाखांना. ती जास्त सफाईदार आहे, मान्य. मला तरी माझी ही 2006 चीच हवी.

न्यू जर्सीच्या एका दादांनी विचारलंय, जुनी 2005 ते 2008 ची जीटी घेताना काय बघू? दादा, स्पार्क प्लग कधी बदलले आणि कुठल्या पद्धतीनं, हे आधी विचारा. या थ्री-वॉल्व्ह (दर सिलिंडरला तीन वॉल्व्ह) इंजिनाचे मूळ प्लग दोन तुकडे जोडून केलेले. कार्बननं अडकतात आणि खालचा तुकडा हेडमध्येच राहतो. इंजिन थंड असताना थोडासा सैल करायचा, कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) सोडायचं, थांबायचं, मग हळूहळू पुढं-मागं करत काढायचा. घाई केली की तुटला. मग गाडीखाली जा, त्या आडव्या गजाला हातानं हलवून बघा. टोकांच्या बुशमध्ये खडखड नको.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉईटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची फेरी आहे, मी ही गाडी घेऊन जाणार आहे. मिशिगनमधल्या मंडळींनी जरूर भेटा, मी तिथं तुम्हाला हा एक्सल दाखवीन. आता हे टॉर्क रेंच घेतो, चाकं लावायची आहेत.